कार्डावरची सही

परवा पाच तारखेला सकाळी मी पिशवीत कार्डं भरत होते, तेव्हा सूनबाई म्हणाली, “आई, हल्ली सगळं मोबाईलवर होतं. तुम्ही उन्हातान्हाच्या दारोदार कशाला हिंडता?” तिला काय सांगणार! म्हटलं, तुम्हांलाच सांगावं.

मी नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट. ही योजना 1972 साली निघाली. आमच्याकडे 1972 म्हटलं की दुष्काळ आणि सुकडीच आठवते. पण बायकांनी घरोघरी जाऊन पोस्टाच्या आवर्त ठेवीचे, म्हणजे आर.डी.चे हप्ते गोळा करायचे, ही सोयही त्याच वर्षीची. साठ महिने, साठ हप्ते. आम्हाला शंभरामागे चार रुपये कमिशन. धाकटा शाळेत जायला लागला आणि मी एजन्सी घेतली. आमचे हे म्हणाले, “घे, पण दुसऱ्याचा पैसा आहे. झोप उडेल.” तसंच झालं.

सावेडीत शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी होत्या. ब्लाउजच्या शिलाईतून महिना दोनशे बाजूला काढत. 2008 साली त्यांची आर.डी. पुरी झाली, साडेचौदा हजार हातात आले. दुसरी आर.डी. त्यांनी लगेच सुरू केली आणि या रकमेचं मला विचारलं, “ताई, तुम्ही सांगाल तिथं ठेवते.” मी एका पतसंस्थेचं नाव सांगितलं. व्याज दीड टक्का जास्त, व्यवस्थापक ओळखीचे. आणि खरं सांगायचं तर ठेव आणून दिली की मला थोडं कमिशनही मिळे. ते मात्र मी वहिनींना सांगितलं नाही.

दोन वर्षांनी पतसंस्थेला कुलूप लागलं.

हे म्हणाले, “दोन महिने त्या गल्लीत जाऊ नकोस.” पण पाच तारीख आली आणि मी गेले. वहिनी ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मशीन थांबवलं, आर.डी.चं कार्ड पुढं केलं आणि एवढंच विचारलं, “हे तरी पोस्टातच जातं ना हो?”

सात वर्षं मी त्या घरचा चहा पीत होते!

दुसऱ्या दिवशी त्यांना पोस्टात घेऊन गेले. कार्डावरची एकेक सही आणि पासबुकातली एकेक नोंद जुळवून दाखवली. मग कमिशनचं सांगितलं आणि तेवढे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. हप्ता मात्र थांबला.

एक महिना, दोन, तीन. चार हप्ते सलग चुकले की खातं बंद पडतं. पदरचे भरून टाकावेत, असं फार वाटलं. पण त्यांच्या पैशाचं परस्पर ठरवायला जाऊनच तर हे झालं होतं. दर पाच तारखेला मी दाराशी जाई, त्या मान हलवत, मी परते. शेवटी नियम आणि तारीख चिठ्ठीवर लिहून मुलीजवळ दिली. महिनाअखेरीला ती धावत आली, “आई बोलावतेय.” दंडासकट सगळे हप्ते मोजून ठेवले होते. म्हणाल्या, “राग गेला नाही ताई. पण तुम्ही दार चुकवलं नाहीत.”

पतसंस्थेतले अर्धेमुर्धे पैसे पुढं काही वर्षांनी आले. बाकीचे गेले ते गेलेच.

तेव्हापासून मी काही गोष्टी कटाक्षानं पाळते. पैसे घेतले की तिथंच, त्यांच्या डोळ्यांदेखत सही. पासबुक त्यांच्याच घरी. एका घरचा आकडा दुसऱ्या घरी नाही. कुणाच्या यजमानांनी विचारला तरी “वहिनींनाच विचारा” म्हणते. हप्ता चुकला तर शंभरामागे महिना एक रुपया दंड, वर्षभर नीट भरले तर जमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज, हे आधीच सांगते. आणि मला किती सुटतात, तेही.

4 ऑक्टोबर 2023 ला रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा कितीजणी माझ्याकडे विचारायला आल्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. 2008 साली हे मला ठाऊकच नव्हतं. ठाऊक नसेल तर “विचारून येते” म्हणावं, एवढं शिकायला वहिनींच्या शिलाईचे पैसे खर्ची पडले.

त्यांची मुलगी आता केडगावला असते. गेल्या वर्षी तिनं आर.डी. काढली. मोबाईल तिच्याकडेही आहे! पैसे दिल्यावर तिनं आधी कार्डावरची सही पाहिली, मग चहाचं आधण ठेवलं. मला इतकं बरं वाटलं! तुमच्याही दारी कुणी एजंट येत असेल, तर आधी सही पाहा हं. चहा मागाहून!