बदली तासाचे मास्तर

मंडळी, या ब्लॉगवर क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाबद्दल मी कधी लिहिलं नाही. आज फुटबॉलबद्दल लिहिते आहे, तेही महेश गवळीबद्दल. कोण हा, असं निम्म्या जणांना वाटेल. त्याला कारण आहे. तो बचावपटू होता.

हा गोव्याचा मुलगा जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झाला. ईस्ट बंगालनं २००३ मध्ये जकार्त्याला आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात तो होता. पुढे बरीच वर्षं त्यानं डेम्पोची मागची बाजू सांभाळली. २००७-०८ मध्ये आय-लीग सुरू झाली. पहिलं विजेतेपद डेम्पोचं, नंतर २००९-१० आणि २०११-१२ चंही. भारताकडूनही तो खेळला. छेत्रीचे गोल लोक बोटांवर मोजतात. गवळीनं किती होऊ दिले नाहीत, त्याची वही कोण ठेवणार?

माझा नातू इथे सांताक्रूझला शाळेच्या संघात बॅकला खेळतो. मागच्या पावसाळ्यात एकदा चिखलानं माखलेले बूट दारात टाकून म्हणाला, "आजी, मी सोडतोय. फोटो फक्त पुढच्यांचे काढतात." समजूत काढणं मला जमत नाही, गोष्ट सांगणं जमतं. मी त्याला २०२३ च्या सॅफ स्पर्धेची सांगितली.

स्पर्धा बंगळूरला होती. आपले प्रशिक्षक होते क्रोएशियाचे इगोर स्टिमाच, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या संघातले बचावपटू. माणूस मोठा, पण तापट. २१ जूनला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी समोरच्या खेळाडूच्या हातातला चेंडूच उडवला, लाल कार्ड मिळालं. पुढच्या नेपाळच्या सामन्याला ते नाहीत. परत आले तर कुवेतविरुद्ध २७ तारखेला पुन्हा लाल कार्ड! आता उपांत्य सामना आणि अंतिम सामना, दोन्हींना बाहेर. मैदानाच्या कडेला उभं राहायचं कुणी? साहाय्यक गवळीनं.

शिक्षक मंडळी ओळखतील, हा बदली तास. दुसऱ्याचा वर्ग, फळ्यावर दुसऱ्याचं अक्षर, धडा अर्ध्यावर आलेला. मुलं तुम्हाला आपले मास्तर मानत नाहीत. अशा वेळी आपली हुशारी दाखवायला नवाच धडा काढायचा मोह होतो. मी तीस वर्षांत कितीतरी जणांना तो होताना पाहिलाय. धडा जिथे थांबला तिथून पुढे नेणारे थोडे. (जाता जाता, मेक्सिकोचा राफाएल मार्केझ पाच विश्वचषकांत कप्तान होता, तोही बचावपटूच. बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघाला शिकवून २०२४ मध्ये मायदेशी परतला तो साहाय्यक म्हणून. इतक्या मोठ्या खेळाडूनं दुसऱ्याच्या हाताखाली उभं राहायचं, मला हे फार आवडलं.)

तर १ जुलैला लेबनॉनशी १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही, पेनल्टींवर आपण ४-२ नं जिंकलो. ४ जुलैला अंतिम सामना, पुन्हा कुवेत. चौदाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. आपल्या मुंबई सिटीच्या छांगतेनं मध्यांतराआधीच बरोबरी केली. नंतर थेट पेनल्टी. पाच-पाच झाल्या तरी निकाल नाही. सहावी मारली नाओरेम महेशनं, म्हणजे दुसरा महेश! कुवेतच्या कप्तानाची गुरप्रीतनं अडवली, आणि भारताचं नववं सॅफ विजेतेपद झालं.

नातू गप्प बसून ऐकत होता. चषक कुणी उचलला, फोटो कुणाचे आले, हे तो विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलं,

"गवळीच्या तीन सामन्यांत आपल्यावर गोल किती झाले?"

नेपाळशी शून्य, लेबनॉनशी शून्य, कुवेतशी एक.

"एकच?" म्हणाला, आणि बूट धुवायला घेऊन गेला.