झाकलेला हात

'मास्क' म्हटले की २०२० सालापासून आपल्या सर्वांच्या डोळ्यांपुढे नाकातोंडावरची पट्टी उभी राहते. त्याआधी आम्हां घरगुती माणसांना गौरीचे मुखवटे काय ते ठाऊक! छायाचित्रे दुरुस्त करण्याच्या संगणकी कारभारातला मास्क मात्र या दोहोंहून निराळा आहे, आणि मला विचाराल तर अधिक सज्जन आहे.

फोटोशॉपमध्ये १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीबरोबर, थर आले. म्हणजे काचेवर काच ठेवावी तसे चित्रावर चित्र. यांतल्या हव्या त्या थराला एक पडदा जोडता येतो, तोच मास्क. पडद्यावर काळा रंग फिरवला की तेवढ्या जागी त्या थरावरचे चित्र दिसेनासे होते, पांढरा फिरवला की जसेच्या तसे परत येते, आणि करडा फिरवला तर धुक्यातल्या झाडासारखे अर्धेमुर्धे दिसत राहते. नेहमीच्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा असतात २५६. एखादी गोष्ट इतक्या पायऱ्यांनी लपवता येते हे कळले तेव्हा मी चकितच झाले. आपण माणसे फार तर दोन-तीन पायऱ्यांनी लपवतो!

पूर्वीचे फोटोवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवीत, नको ते पात्याने खरवडून काढीत. त्यांच्या हातांतले कसब मोठे होते. पण खरवडले ते गेलेच. मास्कखालचे काही जात नाही.

हा पडदा रंगवायचा तो कुंचल्याने, आणि खरी मौज तेथेच आहे. नवशिका एकच गोल कुंचला घेऊन सगळीकडे फिरवतो, मग त्याची माणसे वर्तमानपत्रातून कात्रीने कापल्यासारखी दिसतात. कुंचल्याच्या कडेचा कठीणपणा शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत बदलता येतो. लुगड्याच्या काठाला कठीण कड हवी; गालाला मऊ. कपाळावरच्या चुकार केसांना तर विसविशीत, विखुरलेल्या टोकांचा कुंचला लागतो, आणि तोही एकेका बटेवरून चालवावा लागतो. कुंचल्याचे टोक चपटे करून तिरके धरता येते, अगदी कापलेल्या बोरूसारखे. नथीच्या मोत्यांमधल्या फटी मी तशाच टोकाने काढते. गवताच्या पात्यांचे, झाडाच्या पानांचेही कुंचले असतात. नातवंडे ते घेऊन तासन् तास रमतात. मला त्यांचा फारसा उपयोग नाही.

माझ्याकडे येणारी कामे एकाच जातीची. कोणी तरी गेलेले असते, भिंतीवर लावायला त्याचा एकट्याचा फोटो नसतो, आणि मग समूहातून त्याला वेगळे काढावयाचे असते. गेल्या वर्षी काका आले ते असाच एक फोटो घेऊन. १९५८ च्या दिवाळीत गावच्या अंगणात काढलेला. मध्ये खुर्चीवर आजी, पायांशी फतकल मारून बसलेले आठ वर्षांचे काका, आणि मागे उभी बारा वर्षांची आत्या. तिचा हात आजीच्या खांद्यावर.

"आईला एकटीला काढ," काका म्हणाले. "आणि तेवढा हात नको."

कारण विचारण्याची गरज नव्हती. शेताच्या वाटणीवरून बहीणभाऊ कोर्टात गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. काकांकडे भाऊबीजेला पाट मांडला जात नाही.

हात झाकणे सोपे. पण झाकल्या जागी काय दाखवावयाचे? त्या बोटांखालचे लुगडे कॅमेऱ्याने पाहिलेलेच नाही. ते आजीच्या दुसऱ्या खांद्यावरून उसने आणून खालच्या थरात बसवले, चुण्यांची दिशा जुळवली, आणि मग वरच्या थराच्या मास्कवर बारीक कुंचल्याने एकेका बोटाच्या कडेने निघाले. असे काम करताना चित्र तिपटीने तरी मोठे करावे लागते. काका शेजारी बसून पाहत होते.

"थांब," ते एकदम म्हणाले. "ते करंगळीला काय आहे?"

चिंधी बांधलेली होती. फोटोच्या मूळ आकारात ती कोणालाच दिसली नसती.

"कामट्या सोलताना कापलं होतं तिला," काका पडद्याकडे पाहतच बोलले. "माझ्या आकाशकंदिलाच्या." मग थोड्या वेळाने, "चालू दे तुझं."

मी चालू दिले. करंगळी गेली, मनगट गेले, बांगड्या गेल्या. खांदा मोकळा झाला. काम बरे उतरले होते. नवख्याला शंकाही आली नसती. शिफ्टची कळ दाबून मास्कच्या चौकटीवर टिचकी मारली की तिच्यावर तांबडी फुली उमटते आणि झाकलेले सारे उघडे पडते. तुलनेसाठी मी नेहमी तसे करून पाहते. तेव्हाही केले. हात आला. पुन्हा टिचकी, गेला. काकांनी मला ते तीनदा करावयास लावले.

मोठी प्रत त्यांनी हाताशिवायचीच मागितली. ती त्यांच्या दिवाणखान्यात लागली आहे. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "दुसरी एक लहान काढून ठेव. ती फुलीवाली. पाकिटात घालून दे."