जोडीने परदेशी जाताना

आखाती देशात नोकरीला गेलेला माणूस आपल्या समाजात आता नवलाचा राहिलेला नाही. कोणाचा भाऊ अबुधाबीत वेल्डर आहे, कोणाचा जावई मस्कतला गाडी चालवतो. त्यांच्या पैशावर येथे पत्र्याची घरे पक्की झाली, बहिणींची लग्ने झाली, हे सर्वांनी पाहिले आहे. गडी एकटा गेला तर कोणी काही बोलत नाही. पण नवरा-बायको दोघांनी मिळून जायचे म्हटले की वस्तीत चर्चा सुरू होते. माझ्या भाचीचे शारजाला बिऱ्हाड करायचे ठरले तेव्हापासून ही चर्चा मी ऐकते आहे, आणि काही ठिकाणी मला तोंड उघडावे लागले आहे.

भाचेजावई एसी दुरुस्तीचे काम करतात. आयटीआय झालेले, हाताला कसब. तीन वर्षे ते शारजात एका खोलीत सहा जणांबरोबर राहिले. तेथे याला बेड-स्पेस म्हणतात. भाडे खोलीचे नसते, खाटेचे असते. यंदा त्यांचा पगार चार हजार दिरहॅमच्या वर गेला. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब बोलावण्यासाठी महिना चार हजार दिरहॅम, किंवा तीन हजार आणि राहायची जागा, एवढी मिळकत लागते. २०१९ पासून तेथे मिळकत पाहतात, हुद्दा पाहत नाहीत. म्हणून कारागीर माणसालाही बायकोला नेता येते. त्यांनी पहिल्याच दिवशी फोन करून सांगितले, "मावशी, आता हिला आणतो."

आणि मग सुरुवात झाली. पहिला आक्षेप पैशाचा. तो एकटा असताना निम्म्याहून अधिक पगार घरी येत होता. दोघांचे बिऱ्हाड झाल्यावर भाडे, वीज, खाणे जाऊन तिसरा हिस्सा आला तरी पुष्कळ. हा हिशेब खरा आहे, मी स्वतः मांडून पाहिला. दिरहॅम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७२५ दिरहॅमला एक डॉलर. त्यामुळे रुपया घसरला की घरी येणारी रक्कम फुगते, आणि आपल्याला वाटते मुलाची कमाई वाढली. कमाई तेवढीच असते. तेथे खाटेचे भाडे मात्र दिरहॅममध्येच द्यावे लागते.

दुसरा आक्षेप सासूबाईंचा, त्याबद्दल पुढे लिहिते. तिसरा आक्षेप ऐकून मात्र मी चमकले. विहारातील एक वयस्क उपासिका, ज्यांचा मी आदर करते, त्या म्हणाल्या, "माता रमाई नाही का राहिली? बाबासाहेब परदेशात होते, तिने कधी मागे लागून म्हटले, मला न्या?"

बायांनो, हे वाक्य आपल्या घराघरांत सुनांना ऐकवले जाते. म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे. बाबासाहेब १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशात होते. ते पैसा कमवायला गेले नव्हते, विद्या घ्यायला गेले होते, आणि ती विद्या साऱ्या समाजासाठी होती. त्या काळात रमाईंनी मुंबईत जे सोसले त्याला तोड नाही. पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपला ग्रंथ त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या माउलीने काय किंमत मोजली हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. ती किंमत आपण आपल्या सुनेकडे पुन्हा मागायची, तीही कशासाठी? वरचा मजला चढवण्यासाठी? रमाईंचे नाव घ्यावे ते हात जोडून. सुनेला गप्प बसवण्यासाठी ते वापरू नये. मी हे त्या बाईंना तोंडावर सांगितले. त्या रागावल्या, दोन पौर्णिमा माझ्याशी बोलल्या नाहीत. आता बोलतात.

मी एवढी तावातावाने का बोलले, तर आमच्या घरात हे एकदा घडून गेले आहे. माझे भाऊजी, म्हणजे या भाचीचे वडील, १९९३ साली कुवेतला गेले आणि २००९ साली कायमचे परत आले. सोळा वर्षांत दर दोन वर्षांनी दोन महिने. ताई सातवी शिकलेली, लिहायचा तिला कंटाळा. तिची पत्रे मी लिहीत असे. तेव्हा मी शाळकरी पोर. ताई सांगायची, "लिही, सगळे ठीक आहे." सासूने काय म्हटले, पाण्याच्या लायनीत कोणाशी भांडण झाले, मुलीला ताप किती दिवस होता, हे ती मला बोलायची आणि मग म्हणायची, "ते नको लिहूस." भाऊजी तिकडून कॅसेट पाठवत. भाची दोन-तीन वर्षांची होती, टेपरेकॉर्डरला "पप्पा" म्हणायची. भाऊजी सुट्टीवर आले की त्यांना पाहून पलंगाखाली जायची आणि टेपरेकॉर्डरजवळ जाऊन बसायची. लोक हसत. ताई हसत नसे.

घर पक्के झाले हे खरे. भाऊजी वाईट नव्हते, निर्व्यसनी, पैन् पै घरी पाठवणारे. पण परत आले तेव्हा ताई आणि ते एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागत. कोणाला चहात साखर किती लागते हे विचारावे लागे. अजूनही ताई त्यांना न विचारता सगळे ठरवते, आणि ते खिडकीत बसून असतात. यात दोष कोणाचा म्हणावा? शारजाचे ठरले तेव्हा पहिला होकार ताईचाच होता. ती एवढेच म्हणाली, "जाऊ दे तिला. पैसे कमी आले तर कमी."

तर जायचे ठरले. आता कागद. मी कारकून आहे, बी.कॉम. होऊन या टेबलावर वीस वर्षे काढली, त्यामुळे हा भाग माझ्याकडे आला. बायकोचा व्हिसा काढताना लग्नाचा सरकारी दाखला लागतो. त्यावर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीची वकिलात असे पायरीपायरीने शिक्के घ्यावे लागतात. भाचीकडे होता तो मंगल परिणयाच्या वेळी संस्थेने दिलेला दाखला, सुंदर छापलेला, वर तथागत आणि बाबासाहेब. तो घरात फ्रेम करून लावावा असा आहे. पण शिक्क्यांसाठी तो चालत नाही. आपल्या समाजात शंभरातली किती लग्ने नोंदवलेली असतील, कोणीही आपल्या गल्लीपुरते मोजून पाहावे.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. नोंदणीचा फॉर्म म्हणजे नमुना ड. उशीर झाला असेल तरी दंड भरून नोंद होते. लग्न कोणत्या कायद्यात बसते हा प्रश्न आला की १९५५ चा हिंदू विवाह कायदा पुढे येतो, कारण त्यात बौद्धांचाही समावेश आहे. याबद्दल आपले जे म्हणणे आहे ते आपण वेळोवेळी मांडतोच, येथे त्यात शिरत नाही. नमुना ड मध्ये लग्न लावणाऱ्या पुरोहिताचे नाव आणि सही मागतात. तेथे आपल्या बौद्धाचार्यांनी सही केली. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "हे भटजी कुठले?" मी म्हणाले, "भटजी नाहीत, बौद्धाचार्य आहेत. लग्न त्यांनी लावले, सही त्यांचीच लागेल." त्याने वरिष्ठांना विचारले, वरिष्ठ म्हणाले, घ्या. पाच मिनिटांचे काम होते. पण भाची एकटी गेली असती तर परत आली असती.

बाकीचे कागदही तिच्याच नावाने केले. पासपोर्टवर तिचे माहेरचे आडनाव आहे, ते तसेच ठेवले. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला देण्याची अट डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकली आहे, आडनाव बदलण्याची सक्तीही नाही. तिच्या पदवीच्या प्रमाणपत्रावरही शिक्के घेतले, कारण ती येथे एका दुकानाचे हिशेब टॅलीवर लिहीत होती आणि तेथेही काम शोधणार आहे. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या बाईला काम करता येते, पण नोकरी देणाऱ्याने तिच्या नावाने वर्क परमिट काढले पाहिजे. परमिट नसताना "चार दिवस येऊन बघा" म्हणणाऱ्याकडे जायचे नाही, हे मी तिला तीनदा सांगितले. शिवाय तिचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला टांगलेला असतो. त्याची नोकरी गेली की दोघांनाही गाशा गुंडाळावा लागू शकतो. म्हणून येथील तिचे बँक खाते बंद केले नाही. परदेशी राहायला गेल्यावर साधे बचत खाते तसेच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावे लागते. तेवढा अर्ज दिला. त्या खात्यात तिचे स्वतःचे परतीच्या तिकिटाचे पैसे आहेत. जावयांना हे सांगूनच केले. ते म्हणाले, "बरोबर आहे मावशी." मला बरे वाटले.

जातीचा दाखला आणि पडताळणीही निघण्यापूर्वी उरकली. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा म्हणून तिच्या पणजोबांचा शाळेचा उतारा गावाहून आणावा लागला. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्या किती झगडून, हे जुन्या लोकांना आठवत असेल. तिकडे मूल झाले तर एक वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत त्याची नोंद केली पाहिजे, नाहीतर नागरिकत्वाचाच घोळ होतो. हेही वहीत लिहून दिले.

शारजा समुद्राच्या काठी आहे, पण हवा कोकणासारखी समजू नये. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि वर समुद्राचा दमटपणा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घ्यायचे नाही असा तेथे नियम आहे. जावयांचे काम म्हणजे गच्चीवरची यंत्रे, त्यामुळे हा नियम त्यांच्या जिवाचा आहे. संध्याकाळी मात्र माणसे खाडीकाठी बसतात. रोला भागात आपल्याकडची दुकाने आहेत, मासळी भरपूर. भाचीला त्याचीच काळजी होती.

जुन्या काळी समुद्र ओलांडला की जात जाते अशी सवर्णांना भीती होती. तसे झाले असते तर आपले लोक पोहत गेले असते! जात कुठे जात नाही. खोली भाड्याने पाहायला गेल्यावर जावयांना एका आपल्याच देशातल्या माणसाने आधी आडनाव विचारले, मग "फॅमिली व्हेज आहे का" विचारले, मग खोली गेली म्हणाला. दुसऱ्या खोलीचा मूळ भाडेकरू पेशावरकडचा. त्याने फक्त भाडे कधी देणार एवढे विचारले. तेथेच बिऱ्हाड झाले.

आपले लोक दुबईत, बहरीनमध्ये १४ एप्रिलला एकत्र जमून जयंती करतात. घरात वंदना करायला अडचण नाही. पण तेथे रस्त्यावर धर्मप्रचार चालत नाही, आणि आपली वर्गणीची सवय तर मुळीच नाही. परवान्याशिवाय देणगी गोळा करणे तेथे गुन्हा आहे. पावतीपुस्तक घेऊन निघायचे नाही, मोबाईलवरून आवाहनही करायचे नाही. कार्यकर्त्या घरातल्या पोरीला हे आधी सांगणे भाग होते.

आता सासूबाई. त्या विधवा, वय साठीच्या पुढे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. आई-वडिलांना तिकडे नेण्यासाठी पगाराची अट पुष्कळ मोठी आहे, ती या जोडीच्या आवाक्यातली नाही. सून जाणार म्हणजे त्या एकट्या राहणार, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. त्यांची मुलगी बदलापूरला असते, ती रविवारी येईल. शेजारीण रात्री झोपायला येते. रेशन आणि दवाखाना मी पाहते. पण संध्याकाळी सातला दार लोटून बसलेल्या बाईला यातले काय पुरणार? गेल्या आठवड्यात त्यांनी सुनेबरोबर द्यायला मसाला करायला घेतला. मी म्हणाले, "ताई, त्यात खसखस टाकू नका. तिकडे खसखशीला बंदी आहे, विमानतळावर सापडली तर तुरुंगात जायची पाळी येते." त्या म्हणाल्या, "खसखशीविना माझ्या हाताची चव त्याला लागेल का?" मग खसखस बाजूला काढून मसाला केला. एक चमचा चाखून म्हणाल्या, "ठीक आहे." मला ताईची पत्रे आठवली.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर मी विहारात नमुना ड चे कोरे फॉर्म घेऊन बसणार आहे. परदेशी जायचे असो वा नसो, ज्यांचे लग्न नोंदवायचे राहिले आहे त्या जोडप्यांनी यावे. दोघांच्या वयाचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा, लग्नपत्रिका, लग्नातला दोघांचा एक फोटो आणि तीन साक्षीदार आणावेत. बौद्धाचार्यही त्या दिवशी थांबणार आहेत, त्यांची सही तेथेच होईल.