किड्यांना परलोक असतो का?

प्रत्येक कल्पित विश्वात परलोक असलाच पाहिजे, असे नाही. पण एकदा तो आला, की तेथे कोणाला प्रवेश आहे आणि कोणाला नाही हा प्रश्न टाळता येत नाही. मरणोत्तर स्थितीची वर्णने वरवर मृतांविषयी असतात. त्यांतून होते ती जिवंतांची प्रतवारी. दान्तेच्या नरकाविषयी हे आपण वर्गात सांगतोच. फॅन्टसी खेळांनी गेल्या पन्नास वर्षांत उभ्या केलेल्या विश्वांविषयीही ते म्हणता येईल का, आणि विशेषतः या विश्वांतील सर्वांत परके, सर्वांत किळसवाणे मानले गेलेले जे रहिवासी, त्या राक्षसी कीटकवंशांच्या बाबतीत ते कसे लागू होते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो; एक कादंबरी, दुसरी संतसाहित्य आणि लोकसाहित्य. या विषयाकडे आम्ही आपणहून वळलो नसतो. एम. ए.च्या वर्गात अद्भुतरसाची चर्चा चालली असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, खेळात माणूस मेला तर त्याचा आत्मा कुठेतरी जातो. किडे तर आम्ही हजारांनी मारतो. ते कुठे जातात?" वर्ग हसला. विचारणारा मात्र हसला नाही. त्यानंतर कित्येक महिने आम्ही या खेळांच्या नियमपुस्तिका मागून आणल्या, वाचल्या आणि त्यांवर भांडलो. त्या भांडणातून जे हाती आले, ते येथे मांडत आहोत.

आरंभ अर्थातच 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून करावा लागतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला हा खेळ कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. त्याच्या नियमपुस्तिका वाचताना आपण एखादे पुराण वाचत आहोत असे वाटू लागते. लोक, उपलोक, देवता, वंशावळी, सारे काही तेथे आहे. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये बाह्य लोकांची जी मांडणी आली, ती नीतीवर आधारलेली होती. सुष्ट की दुष्ट, आणि नियमबद्ध की स्वैर, या दोन अक्षांवर प्रत्येक पात्राची वृत्ती ठरते, आणि मेल्यावर आत्मा त्या वृत्तीशी जुळणाऱ्या लोकात जातो. पुढे या मांडणीला महाचक्राचे रूप आले. भूगोलच नीतीचा असल्यामुळे ज्याला वृत्ती नाही त्याला या चक्रावर जागाही नाही.

आत्म्याच्या वाटपात काटकसर तर पहिल्यापासून होती. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स' या पुस्तकाने 'सोल' आणि 'स्पिरिट' असा भेद केला. माणसाला 'सोल' मिळाला. एल्फसारख्या देखण्या, दीर्घायुषी वंशालाही केवळ 'स्पिरिट'वर भागवावे लागले, आणि मृताला उठवणारा सर्वसाधारण मंत्र एल्फवर चालेनासा झाला. जेथे एल्फची ही गत, तेथे प्रचंड मुंग्या आणि जमीन पोखरून येणारे अँखेग यांची काय कथा? त्यांची गणना जनावरांतच झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर विवेक नसलेल्या जीवांना वृत्तीच नाही असे स्पष्ट सांगून टाकले.

याचे कारण धर्मशास्त्रात शोधण्याची गरज नाही. ते खेळाच्या यंत्रणेत आहे. शत्रू मारला की अनुभवाचे गुण मिळतात आणि त्या गुणांवर पात्र वाढते. अशा खेळाला मारताना हात कापणार नाही असे शत्रू भरपूर लागतात. कीटक त्यासाठी सोयीचे आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर वेदना वाचता येत नाही, ते संख्येने अफाट असतात आणि एकासारखा दुसरा दिसतो. ज्याचे मरण हिशेबात धरायचे नाही, त्याच्यासाठी परलोक बांधण्याचा खटाटोप कोण करील?

अडचण उभी राहते ती कीटक विचार करू लागला म्हणजे. पुढचे पाय जोडून प्रार्थना करीत असल्यासारखा बसणारा जो मँटिस, त्याच्या रूपावर बेतलेला 'थ्री-क्रीन' हा वंश १९८३ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल २' मध्ये राक्षसांच्या यादीत होता. १९९१ साली 'डार्क सन' हे वाळवंटी विश्व आले, आणि तेथे खेळाडूला स्वतः थ्री-क्रीन होऊन खेळण्याची मुभा मिळाली. आता याला भाषा आहे, टोळी आहे, मान-अपमान आहे. मग मरणानंतर काय? डार्क सनच्या जगात देव नाहीत. मृतांसाठी तेथे आहे तो 'द ग्रे' नावाचा राखाडी, उजाड प्रदेश, ज्यात आत्मे हळूहळू विरत जातात. पण लेखकांनी थ्री-क्रीनला आणखी एक गोष्ट दिली: वंशस्मृती. पूर्वजांनी जे शिकले, भोगले, त्यातले काही अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिलाला उपजतच ठाऊक असते. आयुष्य माणसाहून तोकडे, पण आठवण पिढ्यान्‌पिढ्यांची.

हाच आकृतिबंध पुढे वेगळ्या खेळातही दिसतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या २०१२ मधील 'मिस्ट्स ऑफ पँडारिया' या भागात मँटिड नावाचे कीटकराष्ट्र आहे. दर शंभर वर्षांनी त्यांची तरुण पिढी शेजारच्या भिंतीवर तुटून पडते. जी परतते तीच जगण्यास लायक. मेलेल्या असंख्यांविषयी कोणी काही बोलत नाही. मात्र निवडक श्रेष्ठ वीर अंबरात गोठवून जपले जातात, आणि वंशावर संकट आले की त्यांना जागे केले जाते. परलोकाच्या जागी येथे कोठार आहे. गंमत अशी, की या वीरांना जागे करण्याचे काम खेळाडूच करतो, आणि २०१३ मध्ये त्यांना ठार मारण्याचे कामही त्याच्याकडेच येते.

सर्वांत विलक्षण प्रकार मात्र फॉर्मियनांचा. मुंगीचे अंग आणि घोड्यासारखी चौपायी ठेवण असलेला हा वंश २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बाह्य लोकांचा रहिवासी म्हणून येतो. राणीपासून पन्नास मैलांच्या आत असलेले सारे फॉर्मियन एकमेकांशी अखंड मनाने जोडलेले असतात. आता त्याच आवृत्तीचा एक नियम पाहा: बाह्य लोकांत जन्मलेल्या जीवाचे शरीर आणि आत्मा वेगळे नसतात, तो मारला गेला की कोणताही आत्मा मोकळा होत नाही. इतर वंशांचे मृत ज्या प्रदेशात परलोक म्हणून जातात, तेथेच या मुंग्या वारुळे बांधून राहतात, आणि त्यांना स्वतःला परलोक नाही! चातुर्वर्ण्याचा इतिहास शिकवणाऱ्या आम्हांला यात काही फार अपरिचित वाटले नाही.

एवढ्यावरून निष्कर्ष काढणे सोपे होते: माणसाला परलोक, किड्याला फार तर वंशाची आठवण. व्यक्ती माणसात, किड्यात केवळ थवा. पण १९९४ मध्ये आलेल्या 'प्लेनस्केप'ने या सोप्या निष्कर्षाला सुरुंग लावला. महाचक्रावरील लोकांत पोचलेल्या मृतात्म्यांना तेथे 'पेटिशनर', म्हणजे याचक, म्हटले आहे. या याचकांची वृत्ती टिकते. गतायुष्याची आठवण मात्र पुसली जाते. आपण कोण होतो, कोणाचे होतो, हे त्यांना ठाऊक नसते. त्यांची अंतिम आकांक्षाही त्या लोकाशी एकरूप होऊन जाण्याची असते. म्हणजे माणसाच्या वाट्याला आली ती स्मृतीवाचून उरलेली व्यक्ती. थ्री-क्रीनच्या वाट्याला, व्यक्तीवाचून उरलेली स्मृती. यांतला श्रेष्ठ परलोक कोणता?

येथे आमच्यात मतभेद झाला, आणि त्याचे कारण खेळाबाहेरचे होते. आमच्यापैकी एकीची आई गेल्या वर्षी वारली. अखेरची चार वर्षे तिला स्मृतिभ्रंश होता. लेकीला ती "बाई" म्हणे. रोज संध्याकाळी महाविद्यालयातून परतणाऱ्या या परक्या बाईला ती न चुकता विचारी, "तुम्ही जेवलात का?" आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवी. लेकीचे म्हणणे असे, की ती आई पुरती आई होती. नाव गेले, नाते गेले, वृत्ती राहिली, आणि वृत्ती हीच व्यक्ती. प्लेनस्केपच्या लेखकांना हे कसे कळले असेल, याचेच तिला नवल वाटते.

दुसऱ्याचे म्हणणे याच्या उलट आहे. त्याने या आईला तिच्या धडधाकटपणी ओळखले होते. तिला जात्यावरच्या कितीतरी ओव्या येत. त्या तिला तिच्या आईकडून आल्या होत्या, आणि आता त्या लेकीच्या तोंडी आहेत. मूळची ओवी कोणाची, हे आपण लोकसाहित्याच्या कोणत्याही तासाला सांगू शकत नाही. रचणारी नाहीशी झाली आणि तिने भोगलेले दळणाऱ्या हातांतून पुढे चालत आले. ही थ्री-क्रीनची वंशस्मृती नव्हे तर काय? किड्याला व्यक्ती म्हणून परलोक नाही असे म्हणताना आपण ज्याची कीव करतो, त्याच परलोकाच्या आधारावर आपल्याकडील अर्धे वाङ्मय जगले आहे. लेकीला हे पटते. पण पुरत नाही. ती म्हणते, ओव्या माझ्याकडे आहेत, विचारणारे कोणी नाही.

या वादावर आम्हांला निवाडा करता आलेला नाही. मात्र त्याच्या उजेडात एका खेळाकडे आम्ही पुन्हा पाहिले. 'हॉलो नाइट' हा 'टीम चेरी' या ऑस्ट्रेलियन गटाचा खेळ २०१७ साली आला. त्यात माणूस नाहीच. खेळाडू, राजे, व्यापारी, शत्रू, सगळे कीटक. आणि येथे चित्र एकदम पालटते. ओसाड पडलेल्या राज्यात मेलेल्या कीटकांची भुते भेटतात, आपापल्या अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी सांगतात. 'ड्रीम नेल' नावाच्या शस्त्राचा स्पर्श केला, की समोरच्याच्या मनातला विचार ऐकू येतो, प्रेताच्याही. नायक मेला, तर त्याची सावली मेल्या जागी थांबून राहते, आणि गमावलेले परत हवे असल्यास तिला सामोरे जावे लागते. किड्याला चेहरा, नाव आणि भूत मिळायला खेळाचे सारे नियम बदलावे लागले नाहीत. पाहणारा डोळा किड्याचा करावा लागला, इतकेच. शत्रू येथेही मारायचेच आहेत. पण मारलेल्याच्या मनात काय होते हे विचारण्याची सोय आहे, आणि ती एकदा कळली की न विचारणे हा खेळाडूचा निर्णय ठरतो.

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला एका किड्याची गोष्ट सांगतात. गाडीवाटेवरून एक किडा जिवाच्या आकांताने पळत असतो. सर्व प्राण्यांची भाषा जाणणारे व्यास त्याला घाईचे कारण विचारतात. मागून गाडी येते आहे, बैलांचा आणि चाकांचा आवाज ऐकू येतो आहे, असे तो सांगतो. किड्याच्या जन्मात कसले सुख, तुला मरणच बरे, असे व्यास म्हणतात. त्यावर, प्रत्येक जीव आपल्या देहात रमलेला असतो असे त्याचे उत्तर. पूर्वजन्मी तो माणूस होता, क्रूर आणि लोभी. पण म्हाताऱ्या आईची त्याने सेवा केली होती आणि एकदा घरी आलेल्या अतिथीचा सत्कार केला होता; तेवढ्यामुळे त्याची स्मृती त्याला सोडून गेली नाही.

पुढे व्यासांच्या कृपेने हा किडा वर्णांची शिडी चढत जातो, आणि तो भाग आज निमूटपणे वाचता येत नाही. किडा म्हणूनच त्याला गती का नाही, हा प्रश्न महाचक्राइतकाच महाभारतालाही विचारला पाहिजे. पण त्या आधीच्या संवादात, खेळांच्या विश्वांनी जे दोघांत वाटून टाकले ते एकाच इवल्या देहात एकत्र आहे: स्वतःची आठवण आणि स्वतःचे असणे. त्याला कोणत्या लोकात जागा मिळेल हे ठरण्यापूर्वी त्याला मरणाचे भय आहे, आणि ते भय कोणीतरी थांबून ऐकले आहे. परलोकाची खरी सुरुवात तेथे होत असावी. मेल्यावर कोण कोठे जाते हे नियमपुस्तिका ठरवोत; वाटेवर कोणासाठी थांबायचे, हे मात्र गाडी हाकणाऱ्याला जिवंतपणीच ठरवावे लागते.