लाव्हाझिएचा तराजू

"लाव्हाझिए आधी हिशेबनीस होता, शास्त्रज्ञ नंतर," असं माझे एक इतिहासकार स्नेही बोलता बोलता म्हणाले आणि ते मला सलत राहिलं. शाळेत द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकल्यापासून या माणसाबद्दल मला फार ओढ आहे. पॅरिसला जायचं ठरलं तेव्हा यादीत पहिलं नाव त्याच्या तराजूंचं लिहिलं.

मुक्कामाची जागा वाईट निघाली. सहावा मजला, लिफ्ट नाही, आणि खोलीत पलंग टाकल्यावर बॅग उघडायलाही जागा उरेना. एवढे पैसे मोजून ही दशा! सकाळ होताच बाहेर पडले. आयफेल टॉवर लांबून दिसला तेवढा पुरे झाला. लूव्हरची रांग ओलांडून मी आर्ट-ए-मेतिए गाठलं. तिथल्या जुन्या मठात तंत्रविद्येचं संग्रहालय आहे. फूकोचा लंबक, ब्लेरिओचं विमान यांच्यावरून नजर फिरवली आणि थेट लाव्हाझिएच्या दालनात शिरले.

काचेमागे त्याचे तराजू आणि वायू मोजायची पितळी यंत्रं आहेत. त्यांच्यापुढून माझा पाय निघेना. त्या काळी जळणं म्हणजे पदार्थातून 'फ्लॉजिस्टन' निघून जाणं, असं मानत. मग जळल्यावर वजन घटायला हवं. पण 1772 मध्ये लाव्हाझिएला गंधक आणि फॉस्फरस जळल्यावर जड झालेले आढळले. पुढे त्याने कथील बंद भांड्यात तापवलं. भांड्याचं एकूण वजन तसूभरही बदललं नाही. तोंड उघडलं तेव्हा बाहेरची हवा आत घुसली आणि मगच वजन वाढलं. म्हणजे धातूने हवेतलंच काहीतरी घेतलं होतं. काय घेतलं?

त्याचा धागा इंग्लंडमधून आला. 1 ऑगस्ट 1774 रोजी विल्टशरमधल्या बोवुड हाउसमध्ये जोसेफ प्रीस्टलीने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने ऊन एकवटलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळली. त्याच ऑक्टोबरात पॅरिसला आला असता प्रीस्टलीने जेवणाच्या टेबलावर लाव्हाझिएला हे सांगून टाकलं. स्वीडनच्या शीलेने तर हा वायू त्याआधीच मिळवला होता.

मग लाव्हाझिएचा तो प्रसिद्ध प्रयोग. चार औंस पारा पन्नास घन इंच हवेच्या सान्निध्यात त्याने बारा दिवस भट्टीवर तापत ठेवला. पाऱ्यावर तांबडी साय धरली आणि हवा बेचाळीस-त्रेचाळीस घन इंच उरली. त्या उरलेल्या हवेत ज्योत विझे. तांबडी पूड जमवली, ती पंचेचाळीस ग्रेन भरली. ती अधिक तापवली तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा आणि सात-आठ घन इंच वायू परत मिळाला. गेलं तेवढंच परत आलं!

संध्याकाळी मी स्नेह्यांना फोन लावला. ते म्हणाले, "हेच तर मी म्हणतो. राजाचे कर वसूल करण्याच्या मक्त्यात त्याची भागी होती. जमा-खर्चाची सवय त्याने रसायनात आणली." मी म्हटलं, "हिशेबनीस दिसतं ते लिहितो. याने न दिसणाऱ्या हवेच्या नावाने रकाना पाडला." ते म्हणाले, "चांगला तपासनीस तूट आली की तेच करतो." "पण तूट कुठे गेली ते दाखवून, ती परत मिळवून, पुन्हा मोजतो का?" यावर ते गप्प राहिले. माझं म्हणणं मला आजही पटतं. सवयीने त्याच्या हाती तराजू दिला असेल, पण बारा दिवस भट्टी पेटती ठेवायला निसर्गाच्या नेमस्तपणावर निष्ठा लागते.

दुसऱ्या दिवशी व्हर्सायला जायचं होतं. मन होईना. मॉन्सो बागेच्या परिसरात भटकत राहिले. इथल्याच एर्रान्सी दफनभूमीत गिलोटिनखाली गेलेल्यांना पुरत. करवसुलीचा तोच मक्ता लाव्हाझिएला भोवला. 8 मे 1794 रोजी त्याला आणि त्याचे सासरे झाक पोल्झ यांना एकाच दिवशी मारलं. लाव्हाझिएचं वय पन्नास. आज तिथे इमारती उभ्या आहेत, माणसं भाजी घेऊन घरी चालली होती. मला फार उदास वाटलं, आणि त्याच्या बायकोची, मारी-ॲनची आठवण आली. तेराव्या वर्षी लग्न होऊन आलेली ही मुलगी इंग्रजी शिकली, इंग्रजांचं रसायन तिने नवऱ्यासाठी फ्रेंचमध्ये आणलं, त्याच्या 1789 च्या ग्रंथातली उपकरणांची चित्रं स्वतः काढली. जप्त झालेला ठेवाही तिनेच पुढे परत मिळवला.

प्रीस्टलीच्या वायूवर आपलं काम उभारताना लाव्हाझिएने 1775 च्या निबंधात त्याचा उल्लेखही केला नाही. माझा लाडका माणूस इथे चुकला, हे मला म्हटलंच पाहिजे. म्हणून वर्गात द्रव्य अक्षय्यतेचा नियम शिकवताना बोवुडचं भिंग, शीलेची भट्टी आणि मारी-ॲनची लेखणी यांचीही नावं घ्यावीत. ज्याने कणभर तूट मान्य केली नाही, त्याच्या शोधाच्या इतिहासातून कुणाचाही वाटा गहाळ होता कामा नये.