चारकोप, दोन ऑफर लेटरं

१.
पॅकेजला बारानं भागू नये. कंपनीनं भरायचा पीएफ त्यातच, ग्रॅच्युइटीही त्यातच. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत पाच वर्षं काढल्यावर हातात येते. पॅकेजात मात्र पहिल्या दिवसापासून बसलेली असते.

२.
भाची यंदा इंजिनियर झाली. मोठी कंपनी, ऐरोली, वर्षाला ३.६ लाख. छोटी कंपनी, पवई, सहा लाख. त्यातले दीड 'व्हेरिएबल'.

३.
आजी : "दिवाळीला काय देतात?" दोन्ही कागदांत उत्तर नाही.

४.
चारकोपहून ऐरोली म्हणजे रिक्षा, कांदिवली स्टेशन, दादर, ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. पवई म्हणजे डहाणूकरवाडीला मेट्रो, अंधेरी पश्चिमला उतरून पुलावरून डी. एन. नगर, दुसरी मेट्रो, साकीनाका, पुढे पुन्हा रिक्षा. सकाळी कांदिवलीला डब्यात शिरता येत नाही म्हणून लोक आधी उलटे बोरिवलीला जातात आणि तिथून बसून येतात. हा वेळ कुठल्याच पॅकेजात धरलेला नसतो.

५.
मागाठाण्याहून ठाण्याला नॅशनल पार्कच्या पोटातून रस्ता होतोय. ११.८ किलोमीटर, बहुतेक बोगद्यातून. भूमिपूजन जुलै २०२४. शेजारचे काका म्हणाले, "तो झाला की ऐरोली काय, हाकेवर."

झाला की.

६.
पेढे सप्टेंबरात वाटले. मोठ्या कंपनीची जॉइनिंग डेट : 'यथावकाश कळवू.'

७.
फेब्रुवारी २०२३. साडेसहा लाखांची ऑफर देऊन ताटकळत ठेवलेल्या मुलांना विप्रोनं विचारलं, साडेतीन चालतील का?

फेब्रुवारी २०२५. इन्फोसिसनं मैसुरूहून तीनशेवर ट्रेनींना घरी पाठवलं. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा सुटली नाही, हे कारण. त्यांतल्या कित्येकांच्या हातात ऑफर २०२२ पासून होती. दोन वर्षं विसरायला दिली, मग परीक्षा घेतली.

८.
व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. ज्या महिन्यात दिवस कमी, त्यात कर जास्त. बायकांना २५,००० पगारापर्यंत माफ. ऐरोलीचा पगार या रेषेवरच पाय ठेवून उभा.

९.
बाँड. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्यानं २००९ मध्ये तीन वर्षं भरण्याआधी नोकरी सोडली आणि दोन लाख भरले, निषेध नोंदवून. मग कोर्टात गेला. हायकोर्टात जिंकला. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला : बाँड वैध. तोवर बँकच उरली नव्हती. १ एप्रिल २०१९ ला ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली.

त्या बँकेला त्याला तीन वर्षं धरून ठेवायचं होतं.

१०.
आजोबा आकुर्ली रोडला महिंद्रच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटले ते रिटायर होऊनच बाहेर पडले. त्यांना दोन ऑफर म्हणजे काय ते कळत नाही. "एकाच वेळी दोन ठिकाणी कोण जातं?"

११.
बऱ्याच कॉलेजांचा नियम : एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपनीला बसायचं नाही, पॅकेज बरंच मोठं असेल तरच सवलत. मुलांनी एकावर थांबावं. कंपनीनं किती मुलांना ऑफरी वाटाव्यात, त्याला धरबंद नाही.

१२.
'ऑफर घेऊन मुलं येतच नाहीत,' ही एका एचआरवाल्या बाईंची तक्रार. ती सांगताना बाई अगदी हळव्या झाल्या होत्या.

१३.
"मामा, दोघांनाही हो म्हटलं तर चालेल?"

चालेल. पवईवाल्यांनी तारीख लिहून दिलीय, तिथं जा. ऐरोलीवाल्यांना त्यांचं पत्र आलं की नम्र मेल टाक. ज्यांनी तारीख घातली नाही, त्यांना तू शब्द दिला होतास असं मी धरत नाही.