शेवटच्या तासाची मजुरी

‘देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे’ हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय, की त्यातली ‘कृपा’ मला रेल्वे स्टेशनवरच्या ‘कृपया’सारखी वाटायची. कानावर पडते, कुणी थांबत नाही. आमचं घर नगरचं. कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम इथे सुरू झालं आणि पुढे ज्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतल्या एकीत आमच्या चार पिढ्या झाल्या. संडे स्कूलमध्ये व्याख्या पाठ करून घेतली होती: शिक्षा व्हायला हवी ती टळणं म्हणजे दया, आणि ज्यावर आपला हक्कच नाही ते मिळणं म्हणजे कृपा.

व्याख्या सोपी आहे. पण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे वर्षभराच्या कामाला एक आकडा मिळतो. किती तिकिटं बंद केली, रात्री दोनला सर्व्हर पडला तेव्हा कोण जागं होतं, सगळ्याची नोंद असते. न कमावलेलं काही कुणाच्या खात्यात जमा झालं, तर आम्ही त्याला बग म्हणतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, दिवसाचा एक दिनार ठरवतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि अगदी संध्याकाळी पाचलाही आणखी मजूर आणतो. दिवस संपल्यावर सगळ्यांना एकेकच दिनार देतो, आणि तोही पाचला आलेल्यांना आधी. पहाटेपासून उन्हात राबलेले कुरकुर करतात. माझी सहानुभूती कायम त्यांच्याकडेच होती.

आता आमच्या घरातलं सांगतो. धाकट्या काकांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, दारूत घालवलं आणि एक दिवस ते निघून गेले. जामीनदार पप्पा. सहा वर्षं त्यांच्या पगारातून हप्ते कापले गेले. माझं इंजिनिअरिंग त्यामुळे एज्युकेशन लोनवर झालं. दोन वर्षांपूर्वी काका परत आले, रेग्झिनची एक बॅग आणि खराब झालेलं लिव्हर घेऊन. पप्पांनी त्यांना पुढची खोली दिली. आता आजोबांच्या घराची वाटणी करायची आहे आणि पप्पा म्हणतात, निम्मं-निम्मं.

मी एक्सेलमध्ये हिशोब मांडला. व्याज धरलंच नाही, फक्त मुद्दल. तेवढं तरी काकांच्या वाट्यातून वजा करा, म्हटलं. पप्पांनी शीट शांतपणे पाहिली. “बरोबर आहे. पण वजा केल्यावर तो राहील कुठे?” घर मुळात लहान. वजाबाकी केली तर काकांच्या वाट्याला जिन्याखालची जागा उरते.

त्यानंतर ती गोष्ट मी पुन्हा वाचली. दिनार म्हणजे त्या काळी मजुराचा साधारण एका दिवसाचा रोज. तासाच्या हिशोबाने दिला असता, तर पाचला आलेल्याच्या घरी त्या रात्री किती शिजलं असतं? आणि मालक त्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे होता, तेव्हा ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. पुण्यात सकाळी मजूर अड्ड्यावरून जाताना ही माणसं रोज दिसतात. अकरा वाजले तरी डबा घेऊन उभी असतात. मालक काम मोजत नव्हता, भूक मोजत होता.

अर्थात, काका काही कामाची वाट बघत उभे नव्हते. उदाहरण पुरतं जुळत नाही, हे मला कळतं. नाताळच्या आदल्या आठवड्यात ते पुन्हा प्यायले. पप्पांनी त्यांना स्टँडवरून उचलून आणलं, गाडी मी चालवत होतो.

आईचं म्हणणं मात्र वेगळं आहे. ती एकदाच बोलली: “तुझ्या पप्पांची कृपा माझ्या पाटल्यांतून झाली.” हप्ते सुरू असताना घर चालवायला तिच्या पाटल्या विकल्या होत्या. उपदेशात हा भाग राहून जातो. डिट्रिच बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली आपल्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महागडी कृपा’ असा फरक केला. आठ वर्षांनी नाझींनी त्याला फाशी दिलं. कृपा घेणाऱ्याला फुकट असते, पण कुणीतरी ती भरलेली असते. क्रुसाचा अर्थ आम्ही तोच सांगतो. मळ्याचा मालकही स्वतःच्या खिशातूनच देत होता. पाटल्या मात्र पप्पांच्या नव्हत्या.

कागद पुढच्या महिन्यात होतील. आईची सही लागेल का, असं मी वकिलांना विचारलं. कायद्याने गरज नाही, ते म्हणाले. पप्पा बाजूलाच बसले होते. “तिला आधी विचारतो,” ते म्हणाले, “ती नाही म्हणाली तर थांबू.”

आईने अजून उत्तर दिलेलं नाही. काकांचं पथ्याचं जेवण वेगळं होतं, ते तीच करते.